कार्बन फायबरचा जोड आणि लेझर : खर्च करण्याआधी काय तपासाल?

कार्बन फायबरची नळी अ‍ॅल्युमिनियमच्या टोकात चिकटवली आणि थोड्याच दिवसांत ती सुटून आली. आता लेझरने पृष्ठभाग तयार करून घ्यावा का? ड्रोन बनवणारे, रेसिंग कार बांधणारे कॉलेजचे संघ, सायकलच्या फ्रेम दुरुस्त करणारे, असे अनेक वाचक थोड्याफार फरकाने हाच प्रश्न विचारतात. त्यात भोसरी, चाकण, अंबड, वाळूज अशा औद्योगिक भागांत लेझर मार्किंगची मशीन सहज मिळतात. त्यामुळे 'शेजारच्या शॉपमध्ये दोन मिनिटांत लेझर मारून घेऊ' असा मोह होणे साहजिक आहे.

थोडक्यात उत्तर असे : लेझर जोडाला स्वतःची ताकद देत नाही, अ‍ॅढेसिव्हला धरायला स्वच्छ आणि ताजा पृष्ठभाग देतो. तुमचा जोड पृष्ठभागामुळे सुटत असेल, तर लेझरचा उपयोग आहे. तो दुसऱ्या कारणाने तुटत असेल, तर लेझरवर घातलेले पैसे वाया जातील. आणि चुकीचा लेझर मारला, तर होता तो जोडही कमकुवत होईल.

पहिली पायरी : तुटलेला जोड नीट पाहा

सुटलेला भाग फेकून देऊ नका. दोन्ही तुकडे भिंगाखाली धरा. फायबर-रेझिनच्या जोडांचे तुटण्याचे प्रकार कसे ओळखायचे, यासाठी एएसटीएम डी ५५७३ हे मानक आहे. त्यात सात प्रकार दिले आहेत. निर्णयासाठी तुम्हाला मुख्यतः तीन ओळखता आले तरी पुरे :

- अ‍ॅढेसिव्ह एका बाजूने साफ निघाले आहे. एका तुकड्यावर सगळे अ‍ॅढेसिव्ह आणि दुसरा तुकडा गुळगुळीत, चकचकीत. हा पृष्ठभागाचा दोष. लेझरचा विचार करण्याचे हेच खरे कारण.
- अ‍ॅढेसिव्ह मधूनच फाटले आहे. दोन्ही तुकड्यांवर त्याचा थर आहे. म्हणजे पृष्ठभागाने आपले काम केले. आता अ‍ॅढेसिव्हचा प्रकार, मिश्रणाचे प्रमाण, थराची जाडी आणि क्युअरिंग तपासा.
- अ‍ॅढेसिव्हला काळे धागे चिकटून आले आहेत. लॅमिनेटच (धागे आणि रेझिन यांच्या थरांचा भाग) उलगडले, जोड टिकला. येथे कोणताही लेझर मदत करणार नाही. जोडाची रचना बदला : ओव्हरलॅप वाढवा, कडा निमुळत्या करा, सोलणारा ताण येणार नाही असे पाहा.

दोन प्रकार एकाच जोडात दिसले, तर कोणता किती टक्के भागावर आहे ते लिहून ठेवा आणि फोटो काढा. पुढची सगळी तुलना याच नोंदीशी करायची आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या जोडात अ‍ॅढेसिव्ह कोणत्या बाजूने सुटले तेही पाहा. ते अ‍ॅल्युमिनियमवरून निघाले असेल, तर कार्बनवर कितीही मेहनत घेतली तरी फरक पडणार नाही.

लेझर नेमके काय करतो?

साच्यातून निघालेल्या भागावर वॅक्स, पीव्हीए किंवा सिलिकॉनयुक्त रिलीज एजंटचा अदृश्य थर राहतो. त्याखाली काही मायक्रॉनचा निव्वळ रेझिनचा थर असतो आणि त्याखाली ५ ते ७ मायक्रॉन जाडीचे कार्बनचे धागे. लेझरची ठोक्याठोक्याने येणारी ऊर्जा वरचा मळ आणि रेझिनचा पातळ थर उडवते. खाली ताजे, पाण्याने सहज ओले होणारे रेझिन उघडे पडते. स्पर्श नाही, पेपर झिजणे नाही, आणि प्रत्येक भागावर तेच सेटिंग पुन्हा मिळते. हाताने घासण्यापेक्षा लेझर सरस ठरतो तो या पुनरावृत्तीमुळे.

सगळी कसरत थांबायचे कोठे याची आहे. रेझिन सुमारे ३५० ते ४०० अंश सेल्सिअसला विघटित होते. कार्बनचा धागा मात्र त्याच्या कित्येक पट तापमान सोसतो, आणि उष्णता धाग्याच्या लांबीच्या दिशेने वेगाने पसरते. म्हणून ठोका जरा जास्त झाला, तर धाग्याभोवतीचे रेझिन जळून जाते आणि धागा सुटा पडतो. अशा धाग्यांवर चिकटवलेला जोड धाग्यांसकट निघून येतो.

अपेक्षाही वाजवी ठेवा. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१६ मध्ये कार्बन फायबर आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या जोडावर, लेझरचा किरण दुभागून पृष्ठभागावर बारीक नक्षी उमटवण्याचा प्रयोग जाहीर केला. नेहमीच्या तयारीच्या तुलनेत जोडाची ताकद सुमारे १५ टक्क्यांनीच वाढली. तुटेपर्यंत शोषलेली ऊर्जा मात्र सुमारे २०० टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे 'ताकद दुप्पट करून देतो' असे कोणी सांगितले, तर कशाच्या तुलनेत, हे आधी विचारा. वाईट तयारीशी तुलना केली, तर साधा पॉलिश पेपरसुद्धा चमत्कार दाखवतो.

तुमच्या जवळचे मशीन चालेल का?

सर्वाधिक गोंधळ येथे होतो. मशीन किती वॉटचे, यापेक्षा त्याची तरंगलांबी आणि ठोक्याचा कालावधी महत्त्वाचा.

- फायबर लेझर मार्किंग मशीन (१०६४ नॅनोमीटर). शॉपमध्ये सर्वाधिक आढळणारे. इपॉक्सी रेझिन या प्रकाशाला बऱ्यापैकी पारदर्शक असते. प्रकाश रेझिनमधून आरपार जाऊन काळ्या धाग्यात शोषला जातो, धागा तापतो आणि रेझिन खालून फुटून उडते. वरून पृष्ठभाग स्वच्छ दिसतो, पण धागे मोकळे झालेले असतात. अगदी हलक्या सेटिंगवर चाचणी करून पाहता येईल. धातूवर नाव कोरण्याचे सेटिंग मात्र चुकूनही वापरू नका.
- सीओटू लेझर (१०.६ मायक्रॉन). अ‍ॅक्रिलिक आणि लाकूड कापणारे. रेझिन हा प्रकाश वरच्यावर चांगला शोषते, परंतु काम उष्णतेने होते. सलग किरण सोडणारे मशीन असेल, तर पृष्ठभाग करपतो. ठोक्यांत चालणारे आणि वेगाने फिरणारे असेल, तरच विचार करा.
- यूव्ही लेझर (३५५ नॅनोमीटर). रेझिन हा प्रकाश अगदी वरच्या थरात शोषते, त्यामुळे थर मोजून काढता येतो. नासाच्या लँगली केंद्राने कार्बन फायबरच्या जोडांवर केलेले कामही या तरंगलांबीवर आहे. प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मार्किंगसाठी ही मशीन भारतात वापरात आहेत. बहुतेक वाचकांनी शोध घ्यावा तो याचा.
- एक्सायमर लेझर (३०८ नॅनोमीटर आणि त्याखालचे). परिणाम उत्तम, पण विषारी वायू हाताळावे लागतात. लहान शॉपने या वाटेला जाण्याचे कारण नाही.
- पिकोसेकंद आणि फेमटोसेकंद लेझर. उष्णता पसरायला वेळच मिळत नाही, म्हणून नुकसान कमी. संशोधन संस्था किंवा मोठे उत्पादन असेल तरच परवडते.

लेझरशिवायचे पर्याय आधी तोलून पाहा

- पील प्लाय : भाग बनवतानाच वर विणलेले कापड लावायचे आणि चिकटवण्याआधी सोलून काढायचे. स्वस्त आणि सोपे. खरेदी करताना 'चिकटवण्यासाठी योग्य' असे लेखी घ्या. सिलिकॉन किंवा तत्सम लेप असलेले रिलीज फॅब्रिक दिसायला सारखेच असते, पण ते जोडाचा घात करते.
- हाताने घासणे : दहा-वीस भागांसाठी आजही हाच मार्ग योग्य. आधी सॉल्व्हंटने पुसा, मग घासा. उलटे केले, तर वॅक्स ओरखड्यांत रुतते. धागे दिसू लागले की थांबा.
- ग्रिट ब्लास्टिंग : वेगवान, पण पातळ लॅमिनेटवर धागे तुटतात आणि कण रुतून बसतात.
- प्लाझ्मा : थर जवळजवळ न काढता पृष्ठभागाचे रसायन बदलतो. जाड वॅक्स किंवा सिलिकॉन असेल, तर एकट्या प्लाझ्माने भागत नाही.

सारांश असा. नग थोडे आणि भाग साधे असतील, तर पील प्लाय व घासणे. महिन्याला शेकडो नग, अरुंद चिकटवण-पट्टी आणि प्रत्येक नगाची हमी द्यायची असेल, तर लेझर. पीक (PEEK) किंवा पीपीएससारख्या थर्मोप्लास्टिक रेझिनचे भाग असतील, तर नुसत्या घासण्याने भागत नाही. तेथे प्लाझ्मा आणि लेझर दोन्ही तपासा.

सेटिंग कसे ठरवाल?

ऑपरेटरला 'हलका मार' एवढे सांगून चालत नाही. कागदावर हिशेब करा. उदाहरणादाखल एक यूव्ही मशीन घेऊ : पृष्ठभागावर पोहोचणारी सरासरी पॉवर १ वॉट, ठोके सेकंदाला ५०,०००, ठिपक्याचा व्यास ५० मायक्रॉन, वेग सेकंदाला १,२५० मिलिमीटर.

१. एका ठोक्याची ऊर्जा : १ वॉट भागिले ५०,००० म्हणजे २० मायक्रोज्यूल.
२. दर चौरस सेंटिमीटरला ऊर्जा : ५० मायक्रॉन ठिपक्याचे क्षेत्रफळ विचारात घेता सुमारे १ ज्यूल. याला फ्लुअन्स म्हणतात. दोन मशीनची तुलना करायची ती या आकड्यावर, वॉटवर नव्हे.
३. ठिपक्यांतील अंतर : १,२५० भागिले ५०,००० म्हणजे २५ मायक्रॉन. अर्थात प्रत्येक ठिपका आधीच्या ठिपक्यावर निम्मा चढतो.
४. लागणारा वेळ : ओळींतील अंतरही २५ मायक्रॉन ठेवले, तर सेकंदाला सुमारे ३१ चौरस मिलिमीटर काम होते. २५ बाय २५ मिलिमीटरच्या चाचणी-पट्टीला २० सेकंद, तर ३० बाय ३० सेंटिमीटरच्या पत्र्याला तब्बल ४८ मिनिटे.

शेवटचा आकडा लक्षात ठेवा. लेझरचे कोटेशन घेताना पूर्ण भागाचे क्षेत्रफळ देऊ नका. जेथे चिकटवायचे तेवढीच पट्टी आखून द्या.

हे आकडे तुमच्या लॅमिनेटसाठीचे सेटिंग नाहीत, हिशेबाची रीत आहे. खरे सेटिंग असे शोधा : टाकाऊ लॅमिनेटवर चौकोनांचे कोष्टक आखा. आडव्या ओळीत वेग बदला, उभ्या ओळीत पॉवर. मग प्रत्येक चौकोन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तीन पट्टे दिसतील. पहिल्यात पृष्ठभागाची मूळ चमक कायम. दुसऱ्यात चमक गेलेली, पण धाग्यांवर रेझिनचे आवरण शिल्लक. तिसऱ्यात धागे कोरडे, उघडे, काही तुटलेले. मधला पट्टा तुमचा. त्यातही कडेचे सेटिंग घेऊ नका, मधोमधचे घ्या. कारण भाग थोडा वाकडा असला तरी फोकस हलतो आणि फ्लुअन्स बदलतो.

रेझिन वेगळे, कापडाची वीण वेगळी किंवा वरच्या रेझिन थराची जाडी वेगळी, की हे कोष्टक नव्याने करा. विणलेल्या कापडात धागे एकमेकांवरून जातात, तेथे रेझिन सर्वांत पातळ असते. नुकसान पहिल्यांदा तिथेच दिसते.

लेझरनंतर चिकटवेपर्यंत

- लेझरआधी सॉल्व्हंटने पुसा. एका कापडाने ओले करा, ते वाळण्याआधी दुसऱ्या कोऱ्या कापडाने टिपून घ्या. वाळू दिले, तर मळ जागच्या जागी राहतो.
- लेझरनंतर पृष्ठभागावर काजळी बसली असेल, तर ती काढण्याची पद्धत ठरवून घ्या आणि प्रत्येक नगाला तीच ठेवा.
- उघड्या हाताने स्पर्श करू नका. पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे वापरा.
- शक्यतो त्याच दिवशी चिकटवा. थांबावे लागले, तर स्वच्छ वेष्टनात बंद ठेवा. त्याच खोलीत सिलिकॉन स्प्रे किंवा साच्याचे वॅक्स वापरू नका.
- पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि गोव्यात, लॅमिनेट हवेतला ओलावा शोषते. गरम करून क्युअर होणारे अ‍ॅढेसिव्ह वापरत असाल, तर भाग आधी ओव्हनमध्ये वाळवून घ्या. नाहीतर वाफेचे बुडबुडे जोडात अडकतात.
- पाण्याची चाचणी करून पाहा. डिस्टिल्ड वॉटर टाकल्यावर पातळ पापुद्रा अखंड राहिला, तर चांगले. थेंब गोळा झाले, तर मळ शिल्लक आहे. ज्या भागावर चाचणी कराल तो वाळवल्याशिवाय चिकटवू नका. शक्यतो वेगळा तुकडाच वापरा.

हमखास होणाऱ्या चुका

१. खडबडीत म्हणजे चांगले, हा समज. खोल खाचांत दाट अ‍ॅढेसिव्ह उतरत नाही. तळाशी हवा राहते आणि तडा तेथूनच सुरू होतो.
२. धागे उघडे करून थेट अ‍ॅल्युमिनियमला चिकटवणे. कार्बन विद्युतवाहक आहे. ओलावा शिरला, की दोघांत बॅटरीसारखी क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियम गंजते. मध्ये काचेच्या धाग्यांचे पातळ कापड किंवा अखंड अ‍ॅढेसिव्हचा थर हवाच.
३. क्लॅम्प आवळून अ‍ॅढेसिव्ह पिळून काढणे. डेटाशीटमध्ये दिलेली जाडी राखा. त्यासाठी काचेचे सूक्ष्म मणी किंवा ठरावीक जाडीची तार वापरतात.
४. अल्ट्रासोनिक चाचणीवर विसंबणे. तिने पोकळी सापडते. दोन पृष्ठभाग टेकलेले आहेत, पण धरलेले नाहीत, असा कमजोर जोड तिला दिसत नाही.

चाचणी : कमीत कमी एवढे करा

सध्याची पद्धत आणि लेझर, दोन्हींच्या किमान पाच-पाच पट्ट्या बनवा. एकाच लॅमिनेटमधून कापा, एकाच डब्यातले अ‍ॅढेसिव्ह वापरा, एकाच वेळी क्युअर करा. कार्बनशी कार्बनच्या लॅप जोडाची ताण-चाचणी एएसटीएम डी ५८६८ नुसार करून घेता येते. तिच्यात ओव्हरलॅप २५.४ मिलिमीटर असतो. अ‍ॅल्युमिनियमशी जोड असेल, तर तोच धातू, त्याच तयारीसह वापरा.

तेवढ्याच पट्ट्या दमट उष्णतेत ठेवून मग तोडा, उदाहरणार्थ ७० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत. पृष्ठभागाची तयारी कच्ची असेल, तर कोरड्या चाचणीत जोड छान दिसतो आणि ओलाव्यात ढेपाळतो.

निकाल वाचताना आधी तुटण्याचा प्रकार पाहा, मग सरासरी, मग आकड्यांतील फरक. सरासरी थोडीच वाढली, पण पाचही पट्ट्या सारख्या तुटल्या, तर लेझरने आपले काम केले असे समजा.

डोळे, फुप्फुसे आणि वायरिंग

- ही मशीन बहुधा चौथ्या वर्गाच्या लेझरची असतात. परावर्तित किरणही डोळा निकामी करू शकतो. बंद कॅबिनेट आणि दार उघडताच किरण थांबवणारा इंटरलॉक असल्याशिवाय काम करू नका. गॉगलवर तुमच्या मशीनची तरंगलांबी लिहिलेली असायला हवी. १०६४ चा गॉगल ३५५ ला चालेल असे धरू नका.
- जळालेल्या इपॉक्सीचा धूर विषारी असतो आणि त्यात धाग्यांचे बारीक तुकडे असतात. ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि ५ मायक्रॉनपेक्षा लांब तंतू फुप्फुसात खोल जाऊ शकतात. तापलेला कार्बनचा धागा झिजून तेवढा बारीक होऊ शकतो. म्हणून धूर जेथे उठतो तेथेच ओढून घेणारी, हेपा आणि सक्रिय कार्बन अशी दोन्ही गाळणी असलेली यंत्रणा हवी. टेबल फॅनने धूर दुसऱ्याच्या तोंडावर जातो एवढेच.
- हवेत उडालेले धागे विद्युतवाहक असतात. पॅनेल आणि संगणक यांच्यात गेले, तर शॉर्ट सर्किट होते.
- तुम्ही कामगार असाल, तर कामाच्या जागेच्या सुरक्षिततेची माहिती मालकाकडे मागण्याचा आणि अपुऱ्या व्यवस्थेबद्दल तक्रार करण्याचा अधिकार तुम्हाला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये तो दिलेला आहे. रेझिन आणि अ‍ॅढेसिव्हच्या सुरक्षा-पत्रकाची प्रत हक्काने मागा.

काम बाहेर देत असाल तर

ऑर्डरमध्ये 'लेझर क्लीनिंग' एवढेच लिहू नका. पुढील गोष्टी लेखी घ्या :

- तरंगलांबी, ठोक्याचा कालावधी, फ्लुअन्स, ठिपक्यांतील आणि ओळींतील अंतर
- मंजूर नमुन्याचा सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो. माल त्याच्याशी जुळला पाहिजे.
- लेझर केल्याची तारीख आणि वेळ, तसेच वेष्टनाची पद्धत
- प्रत्येक लॉटबरोबर चाचणीसाठी जादा पट्ट्या
- नमुन्याशी न जुळलेल्या मालाचा खर्च कोणाकडे, याचा स्पष्ट उल्लेख

तुम्ही जॉबवर्क करणारे असाल आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार देयकाची मुदत करार करूनही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक लिहा.

विमानाचा भाग असेल तर थांबा

विमान, हेलिकॉप्टर किंवा ग्लायडरच्या दुरुस्तीत उत्पादकाच्या स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमध्ये दिलेली तयारीच करायची असते. त्यात लेझर नसेल, तर मान्यताप्राप्त तांत्रिक मंजुरीशिवाय तो वापरता येत नाही. तुमच्या चाचणीचे आकडे कितीही चांगले असले, तरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) चौकटीत हा नियम मोडता येत नाही. याचे कारण वर आले आहे : बनलेला जोड न तोडता त्याची ताकद मोजण्याची भरवशाची पद्धत अजून नाही. म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, एफएएने, २००९ च्या एसी २०-१०७बी या पत्रकात महत्त्वाच्या जोडांसाठी जादा आधार मागितला आहे. एक तर जोड ठरावीक मर्यादेपलीकडे सुटूच नये अशी रचना, नाहीतर प्रत्येक नगावर भार देऊन चाचणी, नाहीतर ताकदीची खात्री देणारी तपासणी.

जमिनीवरच्या कामातही हेच तत्त्व पाळा. ज्या जोडाच्या तुटण्याने माणूस जखमी होऊ शकतो, तेथे अ‍ॅढेसिव्हच्या जोडीला रिव्हेट, बोल्ट किंवा अडकणारी खाच ठेवा.

मशीन विकत घेण्याचा किंवा ऑर्डर देण्याचा निर्णय या आठवड्यात घ्यायचा असेल, तर आधी दहा पट्ट्या बनवून तोडा. पाच तुमच्या पद्धतीच्या, पाच लेझरच्या. अ‍ॅढेसिव्ह एका बाजूने साफ निघणे लेझरने थांबले, तर पैसे घाला. दोन्हीकडे धागेच निघून येत असतील, तर तोच पैसा जोडाची रचना सुधारण्यात घाला.